वाट आमची न्हय

माझ्या घरापासून आत्येच्या घरापर्यंतचं अंतर मी तीन प्रकारे मोजलं आहे. मोबाइलच्या नकाशावर सरळ रेघ ओढली तर सहाशे मीटर. डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या पायवाटेने आठशेच्या आसपास. डांबरी रस्त्याने, स्कूटरच्या मीटरवर, चार किलोमीटर आणि वर थोडं. पहिला आकडा आजही तोच आहे. दुसरा आता मोजायला जागा नाही. तिसऱ्यावर आम्ही जगतो.

मी गोव्यात, पेडण्याजवळ तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. आत काय आलं, बाहेर काय गेलं, शिल्लक काय, हे सांगणं माझं काम. त्यामुळे पेडण्यात घरं वाढली, रस्ते वाढले, असं लोक म्हणू लागले तेव्हा माझ्या डोक्यात आधी हाच प्रश्न आला, की रस्ते वाढले म्हणजे नेमकं काय वाढलं. उत्तर मला बाबांच्या पायांवरून कळलं.

आमच्या गावात दोन वाड्या. वरच्या वाडीत आम्ही, खालच्या वाडीत आत्ये. मध्ये डोंगराचा एक खांदा, त्यावर काजूची झाडं. रस्ता होता तो बससाठी. माणसं वाटेने चालायची, आणि वाटा पुष्कळ होत्या. कुणाच्या मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, मागून, कुणाच्या विहिरीच्या कडेने, शेतांच्या मेरांवरून, बांधांवरून. एकीवर पाणी आलं तर दुसरी. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल ढकलत याच वाटेने यायचा आणि त्याच्या भोंप्याचा आवाज आधी खालच्या वाडीत, मग डोंगरावर, मग आमच्या दारात ऐकू यायचा.

आत्येला लकवा झाल्यापासून बाबांची संध्याकाळ ठरून गेली होती. आत्येचा मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. सून, म्हणजे आमची वहिनी, तुयेलाच दुसऱ्या पाळीत. ती दुपारी जायची ती काळोख पडल्यावर बऱ्याच वेळाने परतायची. दुपारी शेजारीण बघायची. संध्याकाळ बाबांची. आत्येची डावी बाजू गेली होती आणि घास गिळताना त्रास व्हायचा. कुणीतरी समोर बसून, बोट-बोटभर तुकडे चहात भिजवून, एक गिळला की दुसरा, असं भरवलं तरच तिच्या पोटात अन्न जाई. वहिनीने केलं तर आत्ये चिडायची. बाबांच्या हातून निमूट खायची.

"लहानपणी हिका मियाच भरवलंय," बाबा म्हणायचे. "तेव्हा थुकी. आता थुकूक येना म्हणून बरी वागता."

"दादा, तू चहात साखर घालूक शीक आधी," आत्ये अर्ध्या ओठांनी म्हणायची.

दोन उंडे, म्हणजे गोल पाव, कागदात गुंडाळून, काठी घेऊन, बाबा उन्हं उतरली की निघायचे. आमच्या वाडीच्या टोकाला एक तिठा आहे. तीन वाटा मिळतात तिथे एक काळा दगड. ती राखणदाराची जागा. राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा. हातात काठी, खांद्यावर कांबळं घेऊन तो रोज गावाची फेरी मारतो असं आमच्याकडे मानतात, आणि ज्या वाटेने तो फिरतो ती वाट त्याची. त्या वाटेवर कुणी घर बांधत नाही, दगडी गडगा घालत नाही, गुरं बांधत नाही. मुख्य म्हणजे ती वाट आपली आहे असं कुणी म्हणत नाही. तिठ्यावर थांबायचं, चप्पल काढायची, "वाट दी म्हाराजा" म्हणायचं आणि मग चालायचं. नवी नवरी अशीच आली, तिरडी अशीच गेली. बाबा भर पावसात छत्री सांभाळत, एक पाय चिखलात ठेवून, तेवढे तीन शब्द बोलल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत.

मी तसा श्रद्धाळू माणूस नाही. पण या रिवाजाने काय केलं होतं ते मला दिसत होतं. कागद नाही, कुंपण नाही, पंचायतीचा पैसा नाही, आणि तरी दोन वाड्यांमधली वाट पिढ्यान् पिढ्या मोकळी राहिली होती.

वर पठारावर विमानतळ झाला आणि खालचा रस्ता रुंद झाला. मग डोंगराचा तो खांदा विकला गेला. जमीन कागदोपत्री भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची होती. तो कधी गावात राहिला नव्हता आणि आम्हीही त्याला कधी पाहिलं नव्हतं. काजूची झाडं आडवी झाली, लाल माती उघडी पडली. परवानगी देण्यापूर्वी सरकारी माणसं पाहणीला आली. मी कामावर होतो; राखणदाराचा मान सांभाळणारे गावचे मानकरी आणि बाबा तिथे हजर होते. रात्रीच्या जेवणाला बाबांनीच हकिगत सांगितली, आणि ती सांगताना ते खूश होते.

"साहेब बरो होतो," ते म्हणाले. "मानकऱ्याक मानान विचारल्यान, 'आजोबा, या जागेतून तुमची वाट आहे का?'"

"मग?" माझ्या बायकोने विचारलं.

"मानकरी म्हणालो, 'वाट आमची न्हय. राखणदाराची.' साहेबान माझ्याकडे बघल्यान. मिया म्हटलंय, 'होय. आमची न्हय. आमचो हक्क काय ना तिच्यार.' त्यान तसा लिहून घेतल्यान. हात जोडल्यान आणि गेलो."

बायको वाढता वाढता थांबली. ती मुळगावची. तिच्या माहेराजवळ खाणी. शेतात जायच्या मेरा एकेक करून ट्रकांच्या रस्त्याखाली गेलेल्या तिने लहानपणी बघितल्या आहेत.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी वाट दिवन आयल्यात."

"अगो, देवाची वाट मिया कसो देतलंय?"

"म्हणूनच. तुमची म्हटली असती तर निदान भांडपाक कोण तरी आसलो. देव थंय सही करपाक येवचो ना."

बाबा हसले. मानकऱ्याची जागा तिला द्यायला हवी, असं काहीतरी म्हणाले. मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. सत्तर वर्षं ज्या वाटेवर पाय ठेवण्याआधी परवानगी मागितली, ती वाट साहेब आला म्हणून माझी आहे असं ते कसं म्हणणार? दोघा म्हाताऱ्यांनी त्यांना माहीत असलेलं सगळ्यांत खरं उत्तर दिलं होतं. कागदावर त्याचा अर्थ एवढाच झाला, की स्थानिकांचा वाटेवर कसलाही दावा नाही.

पुढच्या दिवाळीआधी तिथे होणाऱ्या बंगल्यांच्या कॉलनीची भिंत उभी राहिली. चिऱ्यांची, माणसाच्या दीडपट उंच, वर काचा. आमच्या बाजूला मोठं लोखंडी गेट आणि त्यावर झारखंडचा एक वॉचमन. खालच्या वाडीच्या बाजूला गेट नव्हतंच. वॉचमन भला होता. सुरुवातीला त्याने बाबांना आत सोडलं. बाबा नव्या काँक्रीटच्या रस्त्यावरून चालत गेले आणि मागच्या भिंतीला थडकून परत आले.

"उधर कुछ नहीं है, बाबा," तो म्हणाला.

"उधर मेरा भयण है," बाबा म्हणाले.

मी पंचायतीत गेलो. तिथे कुणी वाईट बोललं नाही. सर्व्हेच्या नकाशावर वाट नव्हती. पाहणीच्या नोंदीत तुमच्याच वडीलधाऱ्यांचं उत्तर आहे, असं मला सांगितलं. मी म्हटलं, लोक चालतात. कारकून म्हणाला, "भाऊ, चालतात म्हणून लिहून दिलेलं दाखव." आम्ही कोणी तसं लिहिलं नव्हतं. लिहिणं म्हणजे वाटेवर हक्क सांगणं झालं असतं.

मग मी एका पायलटशी ठरवलं. आमच्याकडे मोटारसायकलवर भाडं मारणाऱ्याला पायलट म्हणतात. त्याने संध्याकाळी बाबांना नेऊन सोडायचं, आणि कामावरून परतताना मी आणायचं. पायलट थट्टेखोर. "आजोबा, घट्ट धर," तो म्हणायचा, "न्हय तर राखणदार म्हणतलो, ह्यो माझ्या गिऱ्हाइकाक खंय नेता?" बाबा हसायचे नाहीत. पाठीमागे बसताना ते आधी काळ्या दगडाकडे एकदा बघायचे. पण डिसेंबर आला, तेरेखोलला जाणारे पर्यटक वाढले, आणि पायलटचा भरवसा राहिला नाही. तो आला नाही की बाबा चालत निघायचे. रुंद केलेल्या रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून, पाठीमागून डंपर येत असताना, कागदात गुंडाळलेले उंडे छातीशी धरून. मी दोनदा त्यांना तसं गाठलं. दोन्ही वेळा ते मला म्हणाले, "उशीर झालो. ती उपाशी आसा."

एका रविवारी मी ठरवून निघालो. भिंतीला वळसा घालणारी दुसरी एखादी वाट असेलच, असं मला वाटत होतं. मुख्य रस्त्यावरून डोंगराकडे वळणारा प्रत्येक नवा रस्ता मी शेवटपर्यंत जाऊन बघितला. सात निघाले. सगळे गुळगुळीत, दिवे लावलेले. सातही आत जाऊन थोडे वळतात आणि संपतात. कुठे भिंत, कुठे गटार, कुठे दुसऱ्या कॉलनीचं मागचं अंग. एकही दुसऱ्याला मिळत नाही. आमच्या जुन्या वाडीत तेवढ्याच जागेत मला अकरा तिठे माहीत आहेत. त्या सात रस्त्यांमध्ये मिळून एकही नव्हता. दोन बंगल्यांच्या पाठी एकमेकांना लागलेल्या मी पाहिल्या. एकाने दुसऱ्याकडे वाटीभर साखर मागायची तर गाडी काढून दीड किलोमीटर जावं लागेल. रस्त्यांची लांबी वाढली होती हे खरंच. पण प्रत्येक रस्ता पिशवीसारखा. शिरायचं तिथूनच बाहेर पडायचं.

पाचव्या रस्त्यावर एक बाई कुत्रा फिरवत होत्या. मला बघून त्यांनी काय हवं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या सौम्यपणे म्हणाल्या, "पण म्हणूनच आम्ही इथे घर घेतलं. इथून कुणी आरपार जात नाही, किती शांत आहे." त्यात खोटं काही नव्हतं. खरंच शांत होतं. इतकं शांत, की सातव्या रस्त्याच्या टोकाशी मी स्कूटर बंद केली तेव्हा भिंतीपलीकडून मला खोकल्याचा आवाज आला. आत्येचा खोकला मी कुठेही ओळखीन. तिचं जनेल, म्हणजे खिडकी, उघडं असावं. मी चिऱ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. मध्ये फार तर चाळीस मीटर. तिच्याकडे जायला मला परत चार किलोमीटर जावं लागलं.

होळीचा शिगमा होऊन गेल्यावरची गोष्ट. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी म्हणून मी घरी होतो. बाबा तयार होऊन पायलटची वाट बघत होते. मी नेतो म्हटलं तर, "ठरवलेला आसा तो येतलो," म्हणाले. तिन्हीसांज होत आली तरी तो आला नाही. मी स्कूटर काढतच होतो आणि खालच्या वाडीतून शेजारणीचा फोन आला. आत्येने सकाळचा उरलेला उंडा स्वतःच तोंडात घातला होता. भूक लागली असणार. सुका तुकडा घशात अडकला होता. पाठीवर थापटून तो निघाला, पण तोंड दुसऱ्या बाजूला ओढलं गेलंय, असं शेजारीण रडत सांगत होती.

तिने आधीच बोलावलेली रुग्णवाहिका आम्ही निघतानाच पेडण्याच्या बाजूने आली आणि आधी आमच्याच दारावरून जाऊ लागली. आम्ही हात दाखवून थांबवली. बाबांना घर दाखवायला आत बसवलं आणि मी स्कूटरवर पुढे निघालो. चालकाला मी ओरडून सांगितलं, मुख्य रस्त्यानेच ये, कॉलनीतून वाट नाही. त्याने फोनवरचा नकाशा वर धरला. "हांगा दिसता मरे रस्तो. घराफाटल्यान वता." घराच्या पाठीमागे जातो खरा, पण मध्ये भिंत आहे, असं सांगून मी पुन्हा नको म्हटलं. तो माझ्या मागे येईल असं धरून मी चाललो.

आत्येच्या दारात पोचलो तर मागे कुणी नव्हतं. आत तिला शेजारणीने कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसवलं होतं, मान टेकवून. डोळे उघडे. मी तिचा हात धरला आणि तेव्हाच सायरन ऐकू आला. रस्त्याकडून नव्हे, घराच्या पाठीमागून. बाबांचंही न ऐकता चालक नकाशावरच्या रस्त्याने कॉलनीत शिरला होता. जनेलातून दिसत होतं, भिंतीवरच्या काचांमधून निळा उजेड फिरत होता. एकदा, पुन्हा एकदा. मग सायरन बंद झाला आणि भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

"बाये! अगो बाये! मिया आयलंय!"

आत्येचा उजवा हात माझ्या हातातून सुटला आणि भिंतीच्या दिशेने वर झाला.

"दादा," ती म्हणाली. स्पष्ट. नेहमीच्या अर्ध्या ओठांनी नव्हे.

वॉचमनने शिडी आणली. गाडीतली परिचारिका काचांवर चादर टाकून, पिशवी गळ्यात अडकवून, अलीकडे उतरली. मुलगी तिशीतली असेल, गुडघा फुटला तिचा, पण तशीच आत धावली. स्ट्रेचर मात्र भिंतीवरून येणार नव्हता. गाडी वळवून चालक मुख्य रस्त्याने फिरून आला. घाईत बाबा तिकडेच राहिले. आत्येला गाडीत चढवून आम्ही निघालो तरी भिंतीपलीकडून त्यांची हाक येत होती. त्यांना कळायला मार्ग नव्हता, की घरात आता कुणी नाही.

आत्ये वाचली. बोलणं गेलं ते मात्र परत आलं नाही. गाडी सरळ आली असती तर बोलणं राहिलं असतं, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही आणि मला ते ठरवता येत नाही. मला अंतर तेवढं माहीत आहे.

कॉलनीतले लोक आमच्याकडे येऊन गेले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. त्यांनी बैठक घेतली, आणि त्यांच्यातल्या एका जाणकाराने मोबाइलचा नकाशा दुरुस्त करवून घेतला. आता त्यात रस्ता भिंतीशी संपलेला दिसतो. नकाशा बरोबर झाला.

वहिनीने म्हापशात हॉस्पिटलजवळ भाड्याची जागा घेतली आणि आत्येला तिथे हलवलं. मी महिन्यातून दोन-तीनदा बाबांना नेतो. ते घास भिजवतात, भरवतात, साखर विसरल्याबद्दल स्वतःच स्वतःला बोलतात. ती बघत राहते. खालच्या वाडीतलं घर बंद आहे. पोदेर आमच्याकडे यायचा थांबला. सकाळी त्याचा भोंपा लांबून मुख्य रस्त्यावर ऐकू येतो आणि पुढे जातो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या बाजूचा डोंगर विकल्याचं कळलं. तिठ्यावरून बसथांब्याकडे उतरणारी वाट त्यातून जाते. शाळेतली मुलं, तुयेला पाळीवर जाणाऱ्या बायका, सगळे त्याच वाटेने उतरतात. ती बंद झाली तर आमच्या वाडीलाही एकच तोंड राहील. मग आम्हीच पिशवीच्या तळाशी.

पाहणीच्या दिवशी मी रजा घेतली. साहेब नवा होता, मोजणीची फीत धरणारे दोघे जुनेच, बाबांनी त्यांना ओळखलं. मानकरी आले, बाबा आले, वाडीतले आणखी चार-सहाजण तिठ्यावर उभे राहिले. काळ्या दगडापाशी सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. साहेबांनी बूट काढले नाहीत आणि कुणी तसं म्हटलंही नाही.

"इथून वाट आहे म्हणता," साहेबांनी विचारलं. "कोणाची?"

मानकऱ्यांनी हात जोडले. "साहेबानू, वाट ती राखण..."

"आमची," बाबा म्हणाले.

मानकऱ्यांनी वळून बघितलं.

"माणसांची वाट," बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मिया चलतंय. माझी सून चलता. ह्यो चलता. आमचो हक्क आसा. लिहून घे."

साहेबांनी लिहून घेतलं. नाव विचारलं, बाबांनी सांगितलं. सही करा म्हटलं, बाबांनी केली. पेन साहेबांना परत दिलं. फीतवाले पुढे गेले. मानकरी बाबांपासून दोन पावलं दूर सरकून उभे होते. शेजारचा एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "काका, ह्या बोलूक नको होता. त्याच्या दगडासमोर." बाबा उतारावरच्या फीतवाल्यांकडे बघत होते. एकेक करून सगळे पांगले. जाताना जो तो बाबांना वळसा घालून गेला.

त्या लिहिण्याचं पुढे काय होईल मला माहीत नाही. माझ्या बायकोलाही माहीत नाही, आणि तिला असल्या गोष्टी माझ्याआधी कळतात. बघू या, एवढंच ती म्हणाली, "लिहिलां मगे? पळोवया."

त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "चल, थांब्यापर्यंत जावन येवया." काम काही नव्हतं. तिठ्यावर ते सवयीने थांबले. चप्पल काढली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. आता परवानगी कशी मागायची, कोणाकडे मागायची, हे त्यांना उमगत नसावं. खाली उतारावर फीतवाल्यांनी पुरलेल्या खुंट्यांची लाल टोकं दिसत होती. एक खुंटी बरोबर वाटेच्या मधोमध होती.

बाबांनी चप्पल पुन्हा पायात घातली आणि ते वाटेवर उतरले. मी मागून चालू लागलो. त्यांनी एकदाही मागे, त्या काळ्या दगडाकडे, बघितलं नाही. मी बघितलं.